साबूचा ब्लड रिपोर्ट

आधी एक खुलासा. साबू म्हणजे साबुदाणा, आणि साबुदाणा म्हणजे आमचा ससा. वजन एक किलो आठशे ग्रॅम, रंग पांढराशुभ्र, थाट पेशव्यांचा. २०१९ मध्ये ऑफिसमधली एक मैत्रीण बंगळुरूला शिफ्ट झाली तेव्हा ‘दोनच महिने सांभाळ गं’ म्हणून तिने त्याला पिंजऱ्यासकट माझ्या हवाली केलं. ते दोन महिने अजून संपायचेत. ‘चला, नाव तरी उपासाला चालणारं आहे,’ एवढीच आईची प्रतिक्रिया.

दुसरा खुलासा माझ्याबद्दल. मी एका डायग्नॉस्टिक लॅबमध्ये बायोकेमिस्ट आहे. म्हणजे तुम्ही सकाळी उपाशीपोटी येऊन, तोंड फिरवून, डोळे घट्ट मिटून जे रक्त देता ना, ते माझ्याकडे येतं. शुगर, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम... आकडा रेंजमध्ये असला की रिपोर्ट पुढे. नसला की शेजारी ‘हाय’ नाहीतर ‘लो’. आणि फारच भलता असला तर डॉक्टरांना ताबडतोब फोन. आमच्या भाषेत क्रिटिकल कॉल. बारा वर्षं हेच करतेय. त्यामुळे रक्ताच्या आकड्यांबाबत आपल्याला कोणी शिकवू नये, असा एक छुपा माज माझ्यात होता. तो एका सशाने एका रात्रीत उतरवला.

तारीख २८ सप्टेंबर २०२३. अनंत चतुर्दशी. पुणेकरांना पुढचं सांगायला नकोच. पेठांमधले रस्ते बंद, पूल तुडुंब, आणि शहराच्या अर्ध्या भागातून दुसऱ्या अर्ध्या भागात जायचं म्हणजे दिव्यच. माझा नवरा ढोलपथकात आहे. एरवी आयटीत लॅपटॉप बडवतो, वर्षातून दहा दिवस ढोल. सकाळीच पांढरा कुर्ता घालून, बोटांना चिकटपट्ट्या लावून स्वारी निघाली. एकदा हे लोक मिरवणुकीत शिरले की फोन लागत नाही, आणि लागला तरी ऐकू येत नाही.

तो गेल्यावर साबूकडे बघितलं, तर त्याच्या ताटलीतली कोथिंबीर तशीच. कोथिंबीर! जिच्या जुडीचा नुसता कागद वाजला तरी हा दोन पायांवर उभा राहतो, ती. साबू कोपऱ्यात पाठीची कमान करून, डोळे अर्धे मिटून बसलेला. आणि ट्रेमध्ये एकही लेंडी नाही. ज्यांनी ससा पाळलाय त्यांच्या काळजात इथेच धस्स झालं असेल. निरोगी ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. ते थांबलं म्हणजे आतलं सगळंच थांबलं.

घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये नेलं. तिथे निदान झालं, ‘गॅस’. ड्रॉप्स मिळाले आणि सूचना मिळाली: उद्यापर्यंत काही खायला देऊ नका, ऑपरेशन लागलंच तर पोट रिकामं हवं. मी शहाण्यासारखी मान डोलावली. माणसांना भूल देताना पोट रिकामंच लागतं की! भुलेत उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली तर पंचाईत, म्हणून. आता यातली गंमत बघा. सशाला उलटी करताच येत नाही. त्यामुळे त्याला तासन् तास उपाशी ठेवून मिळत काहीच नाही. उलट आतडं आणखी थंडावतं आणि यकृतात चरबी साठायला लागते. हे मला संध्याकाळी कळलं. तोवर आठ तास गेले होते.

संध्याकाळी सात वाजता, दोन मैत्रिणींना फोन करकरून, वारज्यातल्या एका डॉक्टरांचा पत्ता मिळाला. ससे, गिनी पिग, हॅम्स्टर, पोपट असलं सगळं बघणाऱ्या. साबूला टोपलीत घालून, वर टॉवेल टाकून रिक्षाने गेले. दुकानाच्या गाळ्याएवढं क्लिनिक. डॉक्टर माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहानच असतील. एकट्याच होत्या. त्यांचा असिस्टंट कसब्यात राहतो. तो नदीच्या पलीकडे अडकलेला.

त्यांनी पोट चाचपलं. माझाही हात धरून लावला. फुगवलेल्या फुग्यासारखं घट्ट. मग कानाच्या कडेच्या शिरेला सुई टोचून रक्ताचा एक थेंब घेतला आणि साध्या ग्लुकोमीटरवर ठेवला. आपल्या घरी बाबांसाठी असतो ना, तसाच.

३७१.

‘बाप रे, डायबिटीस?’ मी.

‘नाही हो. दुखतंय त्याला,’ डॉक्टर म्हणाल्या.

सशांच्या शुगरचं गणित वेगळं असतं. नॉर्मल साधारण ७५ ते १५०. रिक्षातून आणलं, कुत्रा भुंकला, अनोळखी हात लागला की ती दोनशेच्या आसपास उड्या मारते. पण साडेतीनशेच्या वर गेली आणि ससा खात नसला, तर बहुतेक वेळा आतडं कुठेतरी बंद झालेलं असतं. ब्रिटनमधल्या फ्रान्सेस हारकोर्ट-ब्राऊन या सशांच्या डॉक्टरांनी हे पद्धतशीर मोजून २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं: नुसतं आतडं मंदावलेल्या सशाची शुगर थोडी वाढते, बंद पडलेल्याची भरमसाट, ३६० च्याही वर. म्हणजे जो आकडा माझ्या लॅबमध्ये ‘गोड बंद करा’ असं सांगतो, तोच इथे ‘पोट उघडावं लागेल’ असं सांगत होता. एक्स-रेमध्ये पोट नारळाएवढं दिसलं. (नारळ लहान होता, पण ससाही लहानच आहे.)

‘आता मोठी तपासणी करू,’ म्हणत डॉक्टरांनी कपाटातून हातात मावेल असं मशीन काढलं. मी ते लगेच ओळखलं. आमच्याकडे अतिदक्षता विभागांसाठी असतं, तेच. क्रेडिट कार्डाहून लहान कार्ट्रिज, त्यात जेमतेम ०.१ मिली रक्त, आणि दोन-तीन मिनिटांत सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, शुगर, रक्ताची आम्लता, कार्बन डायऑक्साइड. डॉक्टरांनी फ्रीजमधून कार्ट्रिज काढलं आणि उघडायला लागल्या.

‘थांबा! पाच मिनिटं बाहेर ठेवा. थंड कार्ट्रिज चालत नाही.’

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग मी काय करते ते सांगितलं. त्या हसल्या. ‘मग आज रात्री तुम्हीच माझ्या असिस्टंट.’ मला वाटलं, गंमत करतायत.

ती पाच मिनिटं त्यांनी मला हिशेब समजावला. आमच्या लॅबमध्ये एखाद्याचं ‘फुल बॉडी चेकअप’ असलं की आम्ही तीन-चार ट्यूब भरून घेतो. दहा-बारा मिली सहज. कमी पडलं तर पुन्हा बोलावतो. साबूच्या अंगात एकूण रक्त किती? किलोमागे साठ मिली धरलं तर शंभर-एकशे दहा मिली. म्हणजे अमृततुल्यमधला चहा दोनदा घेतला की संपलं. त्यातलं दहा टक्के, धडधाकट सशाचं, एका वेळी घेतलेलं चालतं. आजारी असेल तर त्याच्या निम्मं. आणि ऑपरेशनमध्ये थोडं सांडणार, ते वेगळं. शंभर ग्रॅमच्या हॅम्स्टरचं तर सगळं मिळून सात-आठ मिली! तिथे दोन ट्यूब रक्त मागणं म्हणजे प्राण्याचा जीवच मागणं.

‘म्हणून आधी विचारायचं, या थेंबाने माझा निर्णय बदलणार आहे का? नसेल बदलणार, तर नाही घ्यायचा,’ डॉक्टर म्हणाल्या. आमच्या लॅबच्या पॅकेजेसची जाहिरात मला आठवली, आणि मी गप्प बसले.

रिपोर्ट आला. शुगर ३९६. ग्लुकोमीटरपेक्षा वेगळी, पण ते अपेक्षितच. घरगुती मीटर माणसाच्या रक्ताचा अंदाज धरून बनवलेला असतो, आणि साखर लाल पेशींत किती आणि बाहेर किती याचं प्रमाण प्रत्येक प्राण्यात निराळं. सोडियम १३१. आणि कॅल्शियम... १.७!

मला घामच फुटला. हे मुक्त कॅल्शियम आपल्यात १.१ ते १.३ असतं. १.७ दिसलं की आमच्याकडे धावपळ, क्रिटिकल कॉल, सगळं. मी डॉक्टरांचा हातच धरला. त्यांनी आकड्याकडे बघितलं आणि पुढच्या ओळीवर गेल्या. ‘सशाचं तेवढंच असतं.’ ससा खाण्यातलं कॅल्शियम मोजूनमापून घेत नाही. येईल तेवढं शोषतो आणि जास्तीचं लघवीतून बाहेर टाकतो. त्याची लघवी दुधट, गढूळ दिसते ती त्यामुळेच. चार वर्षं मी ते डाग पुसतेय आणि त्याचा कॅल्शियमशी संबंध कधी जोडला नाही. मी, बायोकेमिस्ट!

त्यांना काळजी होती ती सोडियमची. खात नसलेल्या सशाचं सोडियम १२९ च्या खाली गेलं तर जगण्याची शक्यता बरीच घटते. आपलं १३१. इथे मात्र मला बोलायला जागा सापडली. शुगर वाढली की ती पेशींमधलं पाणी रक्तात ओढते, रक्त पातळ होतं आणि सोडियम आहे त्यापेक्षा कमी दिसतं. माणसांत आम्ही शुगरच्या दर जादा शंभरामागे साधारण १.६ मिळवतो. ‘म्हणजे खरं १३५-१३६ असेल,’ मी कागदावर मांडून दाखवलं. डॉक्टर म्हणाल्या, ‘सूत्र माणसाचं आहे, पण दिशा बरोबर आहे. तेवढी आशा ठेवू.’

वेदनाशामक, गरम पिशवी, डाव्या कानात सलाईन. दोन तास वाट बघितली. नऊ वाजता पुन्हा एक थेंब: ४२०. पोट तेवढंच घट्ट. लांबून कुठल्या तरी पथकाचे ढोल ऐकू येत होते, आणि प्रत्येक ठोक्याला साबूचा कान हलत होता.

‘ऑपरेशन,’ डॉक्टर म्हणाल्या. मग मला खुर्चीत बसवून त्यांनी जे सांगितलं ते मी तसंच लिहिते, कारण हे सांगायचं धाडस फार कमी जण करतात. ‘कुत्र्याला भूल देताना हजारात एक-दोन दगावतात. सशांत शंभरात एखाद-दुसरा. आधीच आजारी असलेल्या सशांत शंभरात सात. आणि नाही केलं, तर हा सकाळ बघणार नाही.’

नंतर तो अभ्यास मी शोधून वाचला. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या डेव्हिड ब्रॉडबेल्ट आणि सहकाऱ्यांनी २००२ ते २००४ मध्ये ब्रिटनभरच्या दवाखान्यांतून गोळा केलेली माहिती, प्रसिद्ध झाली २००८ मध्ये. भुलेशी जोडलेले मृत्यू: कुत्रे ०.१७ टक्के, मांजरं ०.२४, ससे १.३९, गिनी पिग ३.८०. पण त्या रात्री माझ्यापुढे एवढंच होतं: एक फॉर्म, एक पेन आणि न लागणारा नवऱ्याचा फोन. आईला लावला. ‘सशाला भूल? आणि किती पैसे म्हणालीस?’ मग थोडं थांबून, ‘कर सही. मी समईत तेल घालते.’

केली सही.

भूल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला व्हिलन येतो. रुमाल नाकाला लावला की हिरॉईन तीन सेकंदांत गार. प्रत्यक्षात ऑक्सिजनचा सिलिंडर, त्याला जोडलेला जांभळ्या पट्टीचा व्हेपोरायझर, त्यात आयसोफ्लुरेन नावाचं द्रव. ऑक्सिजन त्याच्यावरून वाहत जाताना त्याची ठरावीक टक्के वाफ उचलतो आणि ती ससा श्वासातून घेतो. याची खुबी अशी की शरीर ते जवळजवळ पचवतच नाही. अर्ध्या टक्क्याहूनही कमी यकृतात मोडतं, बाकी श्वासातून आलं तसं बाहेर. चकती फिरवली की झोप गाढ, उलटी फिरवली की काही मिनिटांत जाग. यकृत आधीच थकलेल्या छोट्या जिवाला हे वरदानच.

पण सशाच्या तोंडावर थेट मास्क धरला तर तो चक्क श्वास रोखून धरतो. वास आवडत नाही! अर्धा-एक मिनिट, कधी त्याहून जास्त, आणि दरम्यान हृदय मंदावत जातं. म्हणून आधी इंजेक्शनने गुंगी, मग वाफ. त्यातही डॉक्टरांनी एक नेहमीचं औषध मुद्दाम टाळलं. ते इन्सुलिन दाबून शुगर वाढवतं. ‘पुढचे आकडे आपल्याला वाचता आले पाहिजेत,’ त्या म्हणाल्या. इथे मला त्यांच्याबद्दल खरोखर आदर वाटायला लागला. सॅम्पल घ्यायच्या आधीच सॅम्पल खराब होऊ नये म्हणून जपणारा डॉक्टर मला बारा वर्षांत क्वचित भेटलाय.

साबू झोपला. सशाच्या घशाच्या बेताचीच एक मऊ नळी असते, ती बसवली. दुसऱ्या नळीने पोटातलं पाणी आणि हवा काढली. पोटावरचे केस कमी करून, त्याला गरम पॅडवर उताणा ठेवला. जिभेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, पुढच्या पायावर नाडीचा आवाज ऐकवणारं यंत्र: फुस्स, फुस्स, फुस्स. मिनिटाला दोनशे वीस. माझं काम ठरलं. दर पाच मिनिटांनी नाडी, श्वास, तापमान आणि वाफेची टक्केवारी वहीत लिहायची. आणि सांगितलं की कार्ट्रिज चालवायचं. या वेळी ते मी आधीच बाहेर काढून ठेवलं होतं.

वीस मिनिटं झाली. चिमटा दाखवतोय ऑक्सिजन ९८ टक्के. नाडी छान. मला वाटलं, झकास चाललंय. श्वास मात्र वरवरचे होते, पोट जेमतेम हलत होतं.

‘उजव्या कानातून घेते,’ डॉक्टर म्हणाल्या.

उजवाच का, हे मी विचारलं नाही. टाळ्याच वाजवणार होते. आमच्या लॅबची जुनी रड आहे ही. सलाईन चालू असलेल्या हातातूनच रक्त काढतात, आणि मग आम्ही पेशंटचं नव्हे, सलाईनचं सोडियम मोजत बसतो. सशाला सुदैवाने दोन कान असतात! उजव्या कानाच्या मधल्या धमनीतून ०.१ मिली, हवेचा बुडबुडा येऊ न देता, थेट कार्ट्रिजमध्ये. ती दोन मिनिटं घड्याळात दोनच असतील.

रक्ताचा पीएच ७.२१. कार्बन डायऑक्साइड ६८.

मी आकडा मोठ्याने वाचला आणि डॉक्टरांचे हात क्षणभर थांबले. एरवी हा तिशीत असतो. दुपटीच्या वर गेलेला. चिमट्यावर अजून ९८ च!

याचं कारण त्यांनी काम न थांबवता सांगितलं. साबू शुद्ध ऑक्सिजन ओढत होता. त्यामुळे अर्धवट श्वासातूनही ऑक्सिजन पुरेसा पोहोचत होता आणि चिमटा खूश होता. पण बाहेर काय पडायला हवं होतं आणि पडत नव्हतं, ते चिमट्याला कळत नाही. भुलेची वाफ मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला सुस्त करते. कार्बन डायऑक्साइड साठत जातो, रक्त आम्ल होतं, त्यापाठोपाठ पेशींमधलं पोटॅशियम बाहेर यायला लागतं, आणि मग हृदयाचा ताल बिघडतो. मोठ्या दवाखान्यांत श्वासातला कार्बन डायऑक्साइड सतत मोजणारं यंत्र असतं. या गाळ्यात नव्हतं. इथे त्याची जागा त्या ०.१ मिलीने घेतली होती.

‘अडीचवरून दीड करा,’ त्या म्हणाल्या. व्हेपोरायझरची चकती मी फिरवली. माझा हात थरथरत होता, हे वहीतल्या अक्षरावरूनही कळतं. ‘आता ती पिशवी. हलकेच दाबा. त्याची छाती नुसती उचलली गेली पाहिजे, फुगायला नको. चार सेकंदांनी एकदा.’

लिंबाएवढी रबरी पिशवी. दाब, सोड. दाब, सोड. नवरा तिकडे ढोल बडवत होता आणि इकडे मी सशाच्या श्वासाचा ठेका धरला होता. तेवढ्यात डॉक्टरांना अडथळा सापडला. पोटाच्या पुढे, लहान आतड्यात अडकलेला, चिंचोक्याएवढा. केसांचा. घट्ट दाबलेला, वाटलेल्या नमद्यासारखा.

ससा मांजरासारखाच अंग चाटून साफ करतो आणि केस गिळतो. पोटात गवताचे धागे भरपूर असले तर ते केस पुढे सरकतात. सप्टेंबरात साबूचे केस गळत होते आणि घरी पाच दिवसांचा गणपती होता. मी त्याला विंचरलं नव्हतं. वाळकं गवत संपलं होतं, ‘आणू, आणू’ म्हणत राहिले. बाप्पाच्या उरलेल्या दूर्वा दिल्या, म्हणून स्वतःची पाठही थोपटली. येणारा प्रत्येक पाहुणा मात्र त्याला बिस्किट भरवत होता, आणि मी हसत होते. पिशवी दाबताना हे सगळं आठवत होतं. दाब, सोड.

डॉक्टरांनी आतडं कापलं नाही. बोटांनी, टूथपेस्टची ट्यूब पुढे ढकलतात तसं, अगदी तसूतसूने, ते बोंडुक मोठ्या आतड्यापर्यंत नेलं. तिथून ते आपोआप जाणार होतं. याला दहा-बारा मिनिटं लागली. दुसरं कार्ट्रिज: पीएच ७.३१, कार्बन डायऑक्साइड ५०, शुगर ३४२. ‘वा,’ डॉक्टर म्हणाल्या, आणि टाके घालायला लागल्या.

सव्वाअकराला वाफ बंद. काही मिनिटांत साबूने मिशा हलवल्या. मला रडू आलं, ते मी कार्ट्रिजचे रॅपर गोळा करण्याच्या निमित्ताने लपवलं.

पण डॉक्टर अजून खूश नव्हत्या. सशांच्या भुलेतल्या मृत्यूंपैकी जवळजवळ दोन तृतीयांश टेबलावर होत नाहीत, नंतर होतात. सगळे दमून बसतात, हात धुतात, आणि तेव्हा. त्यामुळे आम्ही दोघी जमिनीवर, मध्ये गरम टॉवेलात साबू. तापमान दर पंधरा मिनिटांनी. दोन वाजता शेवटचं कार्ट्रिज: शुगर २१४, सोडियम १३६. माझ्या कागदावरचाच आकडा! मी तो कागद डॉक्टरांच्या नाकासमोर नाचवला. त्या म्हणाल्या, ‘मध्ये चार तास सलाईन गेलंय हो त्याला.’ खरंच की. म्हणजे माझं सूत्र बरोबर होतं की सलाईनचं काम होतं, हे सिद्ध काहीच होत नव्हतं. तरी तो कागद मी जपून ठेवलाय.

तोवर चहा झाला आणि गप्पा सुरू झाल्या. भुलेची वाफ स्वतःच रिपोर्ट कशी बदलते, याचे किस्से त्यांनी सांगितले. परदेशात फेरेट नावाचा मुंगसासारखा लांबोडका प्राणी पाळतात. तो इतका वळवळतो की अनेकदा आयसोफ्लुरेन देऊनच त्याचं रक्त घ्यावं लागतं. आणि वाफ सुरू झाल्यावर काही मिनिटांतच त्याच्या लाल पेशींचं प्रमाण धडाधड खाली येतं. रक्तस्राव नाही, काही नाही. पेशी पाणथरीत जाऊन बसतात. १९९४ मध्ये एका अमेरिकी अभ्यासात हे मोजलं गेलं. ज्याला माहीत नाही तो धडधाकट फेरेटला ॲनिमिया झालाय म्हणून उपचार करत बसेल. मी मनात आमच्या लॅबचा फॉर्म आठवला. नाव, वय, लिंग, उपाशीपोटी हो की नाही. बस. ‘रक्त घेताना काय चाललं होतं’ असा रकानाच नाही.

त्या अख्ख्या रात्रीत, सगळे थेंब मिळून, साबूचं एक मिलीसुद्धा रक्त घेतलं गेलं नाही.

चार वाजता मी म्हटलं, ‘अजून एकदा बघायचं का? शुगर तरी?’ खरं तर मला आकडा हवा होता, धीर म्हणून. डॉक्टरांनी मान हलवली. ‘कशाला? शंभर आली काय नि अडीचशे आली काय, आत्ता मी काहीच वेगळं करणार नाही.’ त्याऐवजी त्यांनी सिरिंजमध्ये गवताची पातळ पेज भरून दिली. साबूने पहिला घास थुंकला, दुसरा माझ्या कुर्त्याला पुसला, तिसरा गिळला.

साडेसहाला नवरा आला. मिरवणूक अजून चालूच होती. हा मध्येच सटकला होता. पहाटे कधीतरी त्याने माझे एकोणीस मिस्ड कॉल बघितले होते. आवाज बसलेला, बोटांच्या पट्ट्या सुटून लोंबत असलेल्या, कुर्ता घामाने पिवळा. दारातूनच घोगऱ्या आवाजात म्हणाला, ‘काय झालं? रिपोर्ट काय आहे?’

मी टॉवेलाची घडी उलगडून दाखवली. आत चार लेंड्या होत्या. लहान, वाकड्यातिकड्या, त्यातल्या दोन केसांनी एकमेकींना बांधलेल्या. डॉक्टर वाकून त्या मोजत होत्या.